नव्वदाव्या दिवशी उजळलेलं नाव

हेमराज, परवा सकाळी साडेनऊ वाजता तुझ्या मोबाइलवर फोन आला. पवनीकडचा कुणी माणूस होता. त्याला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, आणि आपण बनवलेल्या रक्तदात्यांच्या वेबपानावर त्या गटात पहिलं पूर्ण ठळक नाव तुझं होतं. तुला जाऊन पंधरा दिवस झाले होते. फोन वहिनींनी उचलला.

त्या काय बोलल्या ते पुढे लिहितोच. आधी हे लिहू दे की तो फोन माझ्यामुळे आला. यादीतून तुझं नाव काढायचं काम माझं होतं आणि मी ते आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. रोज सकाळी साकोलीच्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर वर केलं की मी पहिल्यांदा ते पान उघडायचो आणि तुझं नाव बघायचो. तू गेलास त्या दिवशी ते जरासं फिकं होतं. मग रोज थोडं थोडं ठळक होत गेलं. पान चालवणाऱ्या जावास्क्रिप्टला कोण गेलं ते कळत नाही, तिला फक्त तारीख कळते. तेराव्या दिवशी तुझ्या घरी पंगत बसली तेव्हा ते जवळपास पूर्ण झालं होतं, आणि परवा नव्वद दिवस भरले.

ती नव्वद दिवसांची कल्पना तुझीच. पुरुषानं एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा देता येत नाही. मी म्हणत होतो, अशा माणसाच्या नावापुढे तांबड्या अक्षरात 'उपलब्ध नाही' असं लिहू, विषय संपला. तुला ते अजिबात पटलं नाही. ज्यानं काल रक्त दिलं त्याच्याच नावावर तांबडा शिक्का कशाला, असं तू विचारलंस. मग दोन दिवस मान खाली घालून बसलास आणि भलतंच काहीतरी करून दाखवलंस. रक्त दिल्याच्या दिवशी नाव एकदम मंद व्हायचं, डोळे बारीक केले तर वाचता येईल इतकं, आणि मग रोज तिळातिळानं उजळत नव्वदाव्या दिवशी पूर्ण व्हायचं. ओपॅसिटी, म्हणजे अक्षरांचा ठळकपणा, शून्य पूर्णांक तीनपासून एकपर्यंत. लोक असा उजळत येणारा फेड-इन अर्ध्या सेकंदाचा करतात, तू तीन महिन्यांचा केलास. मी तेव्हा तुला वेड्यात काढलं होतं. पण घरी जाऊन बायकोला मात्र कौतुकानं सांगितलं होतं, हे तुला कधी बोललो नाही.

तू आधी पाट्या रंगवायचास. तुझ्या शहापूरपासून साकोलीपर्यंत हायवेवरच्या निम्म्या दुकानांची नावं तुझ्या ब्रशनं लिहिलेली होती. फ्लेक्स आले, ते काम गेलं, आणि चाळिशीला टेकलेला तू माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला आलास. पहिल्या दिवशी माउस धरलास तो ब्रश धरतात तसा, तीन बोटांत. मी हसलो होतो. वर्षभरात तू माझा विद्यार्थी राहिला नाहीस, भागीदार झालास. माझ्या नुसत्या चौकटी-चौकटींच्या पानांकडे लोक बघायला लागले ते तुझ्यामुळे.

तुझं सगळं शास्त्र एसटीच्या खिडकीतून आलेलं. बस गावात शिरते तेव्हा पाटी एकदम दिसत नाही, असं तू सांगायचास. आधी नुसता रंग दिसतो, मग अक्षरांचा आकार, मग नाव. "माणूस वाचाच्या आंधी वाट पायते," तू म्हणायचास. "तेवढी वाट त्याले पाहू दे ना बे." म्हणून तुझ्या पानावरची प्रत्येक गोष्ट हळूहळू यायची. पान सरकवलं की खालचा मजकूर उजळत वर यायचा, आणि तोही एकाच वेगानं चाललेला तुला खपत नसे. सुरुवातीला रेंगाळला पाहिजे, मग चटकन आला पाहिजे आणि शेवटी अलगद टेकला पाहिजे. त्यासाठी सीएसएसमध्ये, पानाची सजावट लिहितात त्या भाषेत, तयार पर्याय आहेत, हे मी तुला दाखवलं. तू ते वापरून पाहिलेस, नाक मुरडलंस आणि स्वतःचे आकडे बसवलेस. आठशे मिलिसेकंद की सहाशे, यावर आपण एकदा दोन दिवस भांडलो. समोरचा चहावाला वर येऊन विचारून गेला होता की शेताचा वाद आहे का.

कधी कधी तू अति करायचास, हेही खरं. त्या मंगल कार्यालयाच्या पानावर तू नवरा-नवरीचा फोटो इतक्या सावकाश आणलास की नवरी दिसली आणि नवरदेव यायच्या आत मालकानं आपल्याला फोन केला. मुलाकडच्यांना हा अपमान वाटेल, असं त्याचं म्हणणं. तू शांतपणे त्याला म्हणालास की वरात वेळेवर येते का कधी. काम टिकलं.

पण आपला खरा वाद वेळेचा नव्हता. तुझ्या पद्धतीत सीएसएस आधी सगळी नावं अदृश्य करून ठेवायची, मग जावास्क्रिप्ट यायची आणि एकेकाला दृश्य करायची. मी पहिल्यापासून म्हणत होतो की हे उलटं आहे. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूच्या गावांत नेटवर्क कसं येतं-जातं ते काय मी तुला सांगायला हवं? तिथे पान पोचलं आणि स्क्रिप्ट पोचलीच नाही, तर नावं तशीच अदृश्य राहतील. इतर कुठल्याही पानावर चालेल, रक्ताच्या पानावर चालणार नाही. तू म्हणायचास, आतापर्यंत तर प्रत्येक वेळी आली. मी म्हणायचो, ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी कळेल. इतकं बोललो की तो दिवस यावा असं मलाच कुठेतरी वाटायला लागलं होतं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण खरं आहे.

तो दिवस आला. गणपती बसले होते. दुपारी दुकानाच्या नंबरवर फोन आला, जंगलालगतच्या एका गावातला सुखदेव बोलत होता. त्याची बहीण रंजना बाळंतपणासाठी भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती, रक्तस्राव थांबत नव्हता आणि ओ निगेटिव्ह मिळत नव्हतं. तो तासभर आपलं पान उघडून बसला होता. आधी गावात, मग रस्त्याच्या चढावर जाऊन, मग भंडाऱ्याकडे निघालेल्या बसमध्ये. वर हिरवी पट्टी दिसत होती, खाली दुकानाचा नंबर दिसत होता, मध्ये सगळं पांढरं. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या पानावर कोणीच नाही."

मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. माझ्याकडे सगळी नावं व्यवस्थित दिसत होती. त्याला नावं वाचून दाखवायला लागलो तेवढ्यात तू माझ्या मोटरसायकलची चावी उचललीस. तुझा गट तोच. जाताना एवढंच म्हणालास की बाकीच्या दोघांना फोन लावून ठेव, मी पोचतो. पावसात, खड्ड्यांतून, ट्रकच्या मागून तू भंडाऱ्याला गेलास आणि रक्त दिलंस. रंजना वाचली. मुलगीही वाचली.

आणि मी काय केलं? तू परत यायच्या आत पानावरून तुझा फेड-इन काढून टाकला. नावं सरळ दिसतील असं केलं. सुखदेवला पान पुन्हा उघडायला सांगितलं, त्याला सगळी नावं दिसली. माझ्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता आणि वादही. तू भिजून आलास तेव्हा मी तुला टॉवेल दिला, चहा दिला आणि मग म्हणालो की बघ, मी सांगत होतो.

चार दिवसांनी सुखदेव पेढे घेऊन दुकानात आला. तू त्याला बसायला खुर्ची दिलीस. त्यानं सहज विचारलं की त्या दिवशी पान कोरं का होतं. उत्तर तू देणार होतास, पण मी मध्येच बोललो. नेटवर्क कमी पडलं की नावं दिसत नाहीत, आमच्या या भावाला नावं हळूहळू आणायची हौस आहे, असं मी हसत हसत सांगितलं. मला वाटलं, थट्टा चालली आहे. सुखदेवला थट्टा वाटली नाही. त्यानं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि तुझ्याकडे बघून म्हणाला, "माह्या बहिणीचा जीव चालला होता अन् तुमी नावं सजवून राहिले होते?" मग खाली बघून म्हणाला, "रक्त बी तुमचंच, अन् हौस बी तुमचीच."

 तो गेल्यावर तू डबा उचलून कपाटावर ठेवलास. ते पेढे आपण कुणीच खाल्ले नाहीत.

त्यानंतर तू बदललास. तांदळाच्या एका गिरणीचं पान करत होतास, त्यातल्या सगळ्या हालचाली काढून टाकल्यास. गिरणीवाला म्हणाला, जरा काही हलू द्या ना, दुसऱ्यांच्या पानांवर हलतं. तू म्हणालास, नको, लोकांना लवकर दिसलं पाहिजे.  मला आनंद व्हायला हवा होता, मी जिंकलो होतो. पण तू माझ्यासारखी चौकटी-चौकटींची पानं करायला लागलास आणि मला दुकानात बसवेना असं झालं. शहापूरची बस आली की तू वेळेवर निघून जायचास. आधी दोन बस सोडायचास.

दिवाळी झाली आणि एका सकाळी तू आल्याआल्या म्हणालास, "दिनू, काल मले रक्तासाठी फोन आला. माह्यं नाव पुरं दिसून राहिलं. दोन महिने बी नाही झाले मले देऊन." मी म्हणालो, पाहतो. तू गिरणीवाल्याकडे गेलास आणि मी पान उघडून बसलो. फक्त तुझं नाव नव्हे, सगळ्यांचीच नावं पूर्ण ठळक होती. फेड-इन मी काढला होता, पण नव्वद दिवसांची ती स्क्रिप्ट तशीच ठेवली होती. ती चालत का नव्हती?

कारण सापडायला पाच मिनिटं लागली. अड्याळच्या तुळशीरामच्या नोंदीत मला ते दिसलं. तुळशीराम तुला आठवत असेल. गणपती बसले त्याच आठवड्यात अड्याळच्या बाजारात आपण टेबल टाकलं होतं आणि नवे रक्तदाते नोंदवले होते. लिहायचं काम माझ्याकडे होतं. याआधी रक्त कधी दिलं, असं मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, पोळ्याच्या पाडव्याले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे तारीख कोण सांगतं? धानाच्या रोवणीच्या आधी, मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, असंच सांगतात आणि ते बरोबरच असतं. मी वहीत तसंच लिहून घेतलं. साकोलीला येऊन कॉम्प्युटरमध्येही तसंच टाकलं, नंतर कॅलेंडर बघून तारीख घालू म्हणून. माझं 'नंतर' तुला माहीत आहे.

तुझी स्क्रिप्ट प्रत्येक तारखेचे तीन तुकडे करायची: दिवस, महिना, साल. 'पोळ्याच्या पाडव्याला' याचे तिला तुकडे करता आले नाहीत. ती तिथेच थांबली. नवी नावं मी यादीत सगळ्यात वर टाकली होती आणि त्यात पहिला तुळशीराम. म्हणजे ती पहिल्याच पावलाला थांबली, आणि त्याच्या खालची सगळी नावं जिथे होती तिथे, अदृश्य, राहून गेली. सुखदेवच्या फोनवर नेटवर्क होतं. स्क्रिप्टही पोचली होती. ती माझ्या नोंदीला अडखळून पडली होती. मला सगळी नावं दिसत होती, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरनं आदल्या दिवशीचं जुनं पान साठवून ठेवलेलं होतं.

मी खात्री करून घेतली. तुझं जुनं पान बाजूला काढलं, तुळशीरामची तीच नोंद त्यात ठेवली आणि उघडलं. हिरवी पट्टी, खाली नंबर, मध्ये पांढरं. नोंद काढली, पुन्हा उघडलं, आणि नावं तुझ्या त्या ठरलेल्या रेंगाळत्या चालीनं एकामागून एक आली. मी ते चार वेळा केलं. 

दुपारी तू परत आलास. तोवर मी तुळशीरामला फोन करून, कॅलेंडर पाहून खरी तारीख घातली होती आणि तुझं नाव पुन्हा फिकं झालं होतं. तू पाहिलंस आणि विचारलंस, "काय झालं होतं?"

मी म्हणालो, "काही नाही, एक तारीख चुकली होती."

हेमराज, मी खोटं बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही. तू मान हलवलीस आणि कामाला लागलास. तेव्हा माझ्या तोंडात पूर्ण वाक्य तयार होतं. त्या दिवशी पान तुझ्या हौसेनं नाही, माझ्या नोंदीनं बंद पडलं, एवढंच. ते गिळायला मला काहीच वेळ लागला नाही.

मग तुझ्या गावची मंडई आली. तू दरवर्षीसारखं बोलावलंस, मी गेलो. दिवसभर गर्दीत फिरलो, चिवडा खाल्ला, तुझ्या लेकीसाठी बांगड्या घेतल्या. पाळण्यापाशी उभे असताना मी सुरुवात केली होती. म्हणालो, हेमराज, त्या सुखदेवच्या दिवसाचं एक सांगायचं होतं. तुझा चेहरा असा पडला की मी पुढचं बोललोच नाही. तुला वाटलं, मी पुन्हा तेच उगाळतो आहे. तू म्हणालास, जाऊ दे ना ते आता. आणि मी जाऊ दिलं. खरं तर मला सुटल्यासारखंच झालं, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

मंडईनंतर आठ-दहा दिवसांत तुला ताप आला. आधी तू तो अंगावरच काढलास. भंडाऱ्याला भरती केलं त्याच्या चौथ्या दिवशी मी भेटायला आलो. येताना बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. आज सांगायचंच होतं. खाटेजवळ बसलो तर तूच बोलायला लागलास. ओठ सुकले होते, पण आवाज साफ होता. तू म्हणालास, "दिनू, ते फेडवालं सगळ्याच पानांवरून काढून टाक. तुहंच खरं होतं."

तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं आणि आयुष्यभर आठवेल. "आधी बरा हो, मग पाहू." दुसऱ्या दिवशी तुला नागपूरला हलवलं. मग दोनच दिवस.

माझंच खरं होतं, असं मानून तू गेलास. एका बाईचा जीव आपल्या हौसेपायी जाता जाता राहिला, असं मानून गेलास. ज्या कामात तुझा हात सगळ्यात चांगला होता तेच तू शेवटचे अडीच महिने टाकून दिलंस. आणि त्यातले शेवटचे तीन-चार आठवडे हे सगळं चुकीचं आहे हे एका माणसाला ठाऊक होतं. तो तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता.

तेरवीला सुखदेव आला होता, रंजनाला आणि तिच्या लेकीला घेऊन. पोरगी गोरीगोमटी आहे, सारखी तुझ्या फोटोवरच्या हाराकडे टकामका बघत होती. सुखदेव माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला की मी त्या माणसाला तेवढं बोलायला नको होतं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मांडवात सगळे होते, वहिनी होत्या, तुझे भाऊ होते. मी "जाऊ द्या" म्हणालो. तुझेच शब्द वापरले, बघ.

आणि दोन दिवसांनी तो फोन आला.

दहाच्या सुमारास वहिनींचा मला फोन. आवाज अगदी रोजचा. त्या म्हणाल्या, "दिनेशभाऊ, यायचं नाव हाय काय अजून तुमच्या पानावर? रक्तासाठी फोन होता. ते गेले, असं मले सांगा लागलं त्या माणसाले." तो माणूस खजील झाला म्हणे. सारखी माफी मागत होता, पानावर तर अगदी ठळक दिसतं असं म्हणत होता. मग वहिनींनी तुझ्याच फोनवर आपलं पान उघडलं आणि त्याला खालचं दुसरं नाव आणि नंबर वाचून दिला. त्याला रक्त मिळालं की नाही हे विचारायला त्यांनी नंतर स्वतः फोन केला. मिळालं.

मी दुकान बंद केलं आणि मिळेल त्या बसनं शहापूरला गेलो. वहिनी अंगणात वालासारख्या पोपटाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं: तुळशीराम, पोळ्याचा पाडवा, जुनं पान, दिवाळीनंतरची ती दुपार, मंडई, दवाखाना. एकदाही थांबलो नाही. या वेळी थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. त्यांचे हात मात्र मध्येच थांबले होते.

त्या म्हणाल्या, "हे मले काहून सांगता, भाऊ? त्यायले सांगाचं होतं."

 त्या पुढे म्हणाल्या की तू घरी जेवताना ताटावरून उठायचास, म्हणायचास की माझ्या हातून ती बाई गेली असती. "एक फोन कराचा होता तुमी," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस होते तुमच्यापाशी." त्यांनी मला माफ केलं नाही. चहा दिला, तो आल्यागेल्याला देतात तसाच. मी माफी मागितली, त्यांनी ऐकून घेतली, आणि मग पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

निघताना मी विचारलं की नाव आज काढू का. त्यांनी थोडा विचार केला. नंबर आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाल्या, लोकांना ते गेल्याचं माझ्या तोंडून ऐकावं लागतं. आणि नाव? "त्यायचा नव्वद दिवसाचा कायदा हाय ना? तेवढे दिवस राहू द्या."

तू जो नियम केला होतास तो त्यांना माहीत होता. वयानं किंवा गाव सोडल्यानं कुणी यादीतून कमी झालं तर त्याचं नाव एका दिवसात पुसायचं नाही, नव्वद दिवसांत हळूहळू मंद करायचं. मी तेव्हा विचारलं होतं की हे कुणासाठी. तू म्हणाला होतास, बघणाऱ्यासाठी.

नंबर मी बसमध्येच, मोबाइलवरून काढला. संध्याकाळी सुखदेवला फोन केला आणि त्यालाही सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मंग त्या दिवशी तुमी मले थांबवलं काहून नाही?" त्या दिवशी तर मलाही ठाऊक नव्हतं, असं उत्तर देता आलं असतं. पण पेढ्यांच्या डब्यासमोर मी हसलो होतो, हे त्याला आठवत होतं आणि मलाही. मी म्हणालो, चुकलो. त्यानं फोन ठेवला.

काल दिवसभर तुझं पान परत उभं केलं. नावं पुन्हा तुझ्या चालीनं येतात, आधी रेंगाळत, मग चटकन, शेवटी अलगद. पण एक बदल केला आहे आणि त्यावर तू भांडला असतास हे मला माहीत आहे. आता नावं मुळात दृश्यच असतात. स्क्रिप्ट पोचली, तरच ती त्यांना क्षणभर मावळवते आणि वर आणते. ती पोचली नाही तर नावं आहेत तिथे, ठळक. आणि एखादी तारीख वाचता आली नाही तर तेवढं नाव सोडून ती पुढे जाते. मूळ रचनेत तुझी बाजू लंगडी होती हे मी आजही म्हणेन, आपला तो वाद मिटलेला नाही. पण त्या दिवशी तू चुकला नव्हतास. तपासायला मी तुळशीरामच्या रकान्यात पुन्हा 'पोळ्याच्या पाडव्याला' असं टाकून पाहिलं. सगळी नावं आली. तुझंही आलं.

तू गेलास ती तारीख मग मी तुझ्या नावापुढे घातली. दिवस, महिना, साल, तीन वेळा तपासून. कालपासून ते मंद व्हायला लागलं आहे. आज सकाळी दुकान उघडल्यावर पाहिलं, अजून छान वाचता येतं.

पानाच्या अगदी वर, हिरव्या पट्टीच्या खाली, मी एक ओळ लिहिली आहे. 'गणपतीच्या दिवसांत हे पान कोरं राहिलं ते दिनेशच्या चुकीच्या नोंदीमुळे. हेमराजची रचना बरोबर चालत होती.' त्या ओळीला मी कसलाही इफेक्ट दिलेला नाही. पान उघडलं की ती लगेच दिसते.